पाचव्यांदा सुरू करण्याआधी

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. यवतमाळ जिल्ह्यातलं गाव, पंधरा वर्षांपासून स्वतःचं कृषी केंद्र, वय ४१, सकाळी नऊपासून रात्री आठपर्यंत काउंटरमागची खुर्ची. दिवाळीच्या सुमारास तपासणीत साखर काठावर निघाली आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. तेव्हापासून चार वेळा सुरू केलं, चार वेळा सुटलं. आधी पहाटेचं चालणं, मग तालुक्याची जिम, मग मोबाइलवर पाहून सूर्यनमस्कार, मग सायकल. जास्तीत जास्त टिकलं ते तीन आठवडे. शेवटी तुम्ही लिहिलं आहे, ‘सर, माझ्यात जिद्दच नाही असं घरचे म्हणतात. व्यायामाची गोडी लावून घेता येते का, की ती जन्माचीच असते?’

जिद्दीचं आधी सांगतो. २०१७ च्या गुलाबी बोंडअळीच्या वर्षातही ज्याने गावाला उधारीवर माल दिला आणि दुकानाचं शटर उघडं ठेवलं, त्याच्यात जिद्द नाही हे मी मानणार नाही. तुमची जिद्द दिवसभर दुकानात खर्च होते. रात्री आठनंतर किंवा पहाटे साडेचारला ती पुन्हा भरलेली मिळेल अशी अपेक्षा धरली, तिथे गणित चुकलं. ज्यांचा व्यायाम वीस-वीस वर्षं टिकलेला मी पाहिला, त्यातल्या एकानेही तो जिद्दीवर टिकवलेला नाही. त्यांना तिथे जावंसं वाटतं, म्हणून ते जातात.

मी अमरावती जिल्ह्यात ३१ वर्षं शाळेत क्रीडाशिक्षक होतो. निवृत्तीनंतर गावातल्या मोठ्या माणसांसोबत रोज संध्याकाळी मैदानावर असतो. डॉक्टर नाही, त्यामुळे साखरेच्या औषधोपचारावर बोलणार नाही. माणूस मैदानावर कशाने येतो आणि कशाने यायचा बंद होतो, एवढं मात्र जवळून पाहिलं आहे.

तुमचे चार प्रकार वरून वेगळे दिसतात, पण आतून एकच आहेत. चारही एकट्याने करायचे, चारही रिपोर्टासाठी, आणि करत असताना त्या अर्ध्या तासात हाती काहीच लागत नाही. फायदा मिळणार तो सहा महिन्यांनी, लॅबच्या कागदावर. पेरलेलं आठ दिवसांत उगवलं नाही तर आपला शेतकरी दुबार पेरणीचं बियाणं विचारायला तुमच्याच काउंटरवर येतो ना? मनाचंही तसंच आहे. ज्या कामाचा कोंब लवकर दिसत नाही, ते मन मोडून टाकतं.

यात माझीही एक चूक सांगितली पाहिजे. नोकरीच्या पहिल्या वीसेक वर्षांत मी पोरांना शिक्षा म्हणून पळवत होतो. उशिरा आला, मैदानाला पाच चकरा. गृहपाठ नाही, पन्नास बैठका. तेव्हा सगळेच शिक्षक असं करत, मीही केलं. पुढे एका बाजाराच्या दिवशी जुना विद्यार्थी भेटला. पस्तिशीचा, पोट सुटलेलं, रक्तदाबाची गोळी सुरू झालेली. मी म्हणालो, ‘सकाळी थोडं पळत जा बाबू.’ तो जरा थांबून म्हणाला, ‘सर, पयनं म्हटलं का मले अजूनबी वाटते, माह्यं काहीतरी चुकलं.’ त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवसापासून शिक्षेच्या चकरा बंद केल्या, त्या कायमच्या.

तुम्हीही आता स्वतःला तीच शिक्षा देताय. साखर वाढली, मग भोगा. पहाटे साडेचारचा गजर, अंधारातला डांबरी रस्ता, मागे लागणारी कुत्री आणि सोबत कोणी नाही. अशा रस्त्यावर तीन आठवडे गेलात हेच पुष्कळ झालं.

आपल्या भागात व्यायाम असा कोरडा पूर्वी नव्हता. मारुतीच्या देवळामागे आखाडा असायचा, तिथे जोर-बैठकांइतकीच गंमत भिजवलेल्या हरभऱ्यांची आणि गप्पांची होती. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. १९३६ मध्ये तिथलं पथक बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीसारखे आपले खेळ दाखवून आलं. त्या परंपरेत वाढलेल्या शिक्षकांकडे मी शिकलो. ते तासाची सुरुवात कवायतीने करायचे, पण शेवट कायम खेळाने. शेवटची दहा मिनिटं आट्यापाट्या असणार हे ठाऊक असल्यामुळे पोरं आधीची अर्ध्या तासाची कवायत मन लावून करायची. घंटा झाली की ‘सर, अजून एक डाव’ म्हणायची. मोठ्या माणसाच्या व्यायामातही मी हीच एक खूण बघतो. संपताना ‘अजून एक डाव’ असं वाटतं का? वाटत असेल तर तो टिकतो. ‘सुटलो एकदाचा’ वाटत असेल तर तो जाणार, महिन्याने नाहीतर दोन महिन्यांनी.

आता तुमच्या बाबतीत. तुमच्या लांबलचक प्रश्नात एक ओळ सहज आली आहे: ‘कॉलेजात व्हॉलीबॉल खेळायचो, आता कुठलं.’ माझ्या मते तुमचं उत्तर त्या ओळीत आहे. मी कोणालाही हेच विचारतो, दहा-पंधराव्या वर्षी तुम्ही काय करत होता, की आईने जेवायला तीन हाका मारल्या तरी घरी जात नव्हता? कोणी म्हणतं पोहणं, कोणी चिंचेवर चढणं, कोणी सायकलवर गावभर हिंडणं. आवड वयाने मरत नाही, तिच्यावर धूळ बसते.

गावात व्हॉलीबॉल उभा करणं सोपं आहे, फक्त तो तरुणांसारखा उभा करू नका. इथेच बहुतेक जण फसतात. चाळिशीची माणसं पहिल्या दिवशी पुरुषांच्या अधिकृत उंचीवर, म्हणजे २.४३ मीटरवर जाळी बांधतात. कोणाची उडी पोचत नाही, दर दुसरा बॉल जाळीत जातो, दोन तगडी पोरं सगळा खेळ खातात आणि बाकीचे उभे राहून कंटाळतात. चौथ्या दिवशी मैदान रिकामं. तुम्ही जाळी महिलांच्या उंचीवर बांधा, २.२४ मीटर. पन्नाशीपुढचे जास्त असतील तर अजून चार बोटं खाली घ्या. दोन बांबू, सुतळीचे ताण, मैदानाच्या रेघांना चुना किंवा राख. पहिला महिनाभर स्मॅश बंद. बॉल पलीकडे देण्याआधी आपल्या बाजूला तीन जणांचे हात लागलेच पाहिजेत हा नियम ठेवा. म्हणजे नवखा माणूसही खेळात येतो.

आणि पहिल्या महिन्यात गुण मोजू नका, बॉल न पडता किती वेळा इकडून तिकडे गेला ते मोजा. दोन्ही बाजूंनी मिळून. गेल्या पावसाळ्यातली एक संध्याकाळ सांगतो. दिवसभर झड लागून उघडलेली, मैदान अर्धं ओलं, आम्ही शाळेच्या बाजूच्या मुरमाड जागेत खेळत होतो. जुना आकडा एकतीसचा होता, व्हरांड्याच्या खांबावर खडूने लिहिलेला. सत्तावीसला सगळे मोठ्याने मोजायला लागले. अठ्ठावीस, एकोणतीस. तिसाव्याला बॉल रेघेबाहेर चालला होता, तर ६३ वर्षांचे एक निवृत्त गुरुजी चप्पल तिथेच सोडून धावले आणि मूठ घालून त्यांनी तो आत आणला. रस्त्याने दुधाची कॅन घेऊन चाललेला एक जण सायकलवरून एक पाय खाली टेकवून आमच्यासोबत मोजत होता. आकडा चौतीसवर गेला. गुरुजी कमरेवर हात ठेवून धापा टाकत होते आणि चेहरा दहावीतल्या पोराचा झाला होता. दुसऱ्या दिवशी तो दूधवालाही खेळायला आला. त्या चाळीस मिनिटांत आपण व्यायाम केला हे कोणाच्या ध्यानातही नव्हतं.

थांबायची वेळ आधीच ठरवा आणि पाळा. पाऊण तास म्हणजे पाऊण तास. रंगात आलेला डाव तसाच सोडा. लोक कुरकुर करतील, ती कुरकुर दुसऱ्या दिवशी त्यांना परत आणते. पहिल्या आठवड्यात हौसेने दोन तास खेळलेली मंडळी मी पाहिली आहेत. तिसऱ्या दिवशी पिंडऱ्या धरतात, जिना उतरवत नाही, आणि मग चौथा दिवस येतच नाही. खूप दिवसांनी शरीर हलवलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्नायू सर्वांत जास्त दुखतात, ते चार-पाच दिवसांत आपोआप जातं. पण सांध्यात कळ आली, सूज आली तर थांबा. खेळाआधी दहा मिनिटं चालणं, घोटे-खांदे फिरवणं, हलक्या बैठका, हे कंटाळवाणं असलं तरी चाळिशीत सोडू नका. वीस वर्षांनी मैदानात उतरलेल्या माणसाची टाचेमागची शीर आणि घोटा हे दोन सगळ्यात आधी दगा देतात.

सहा-सहा माणसं रोज जमणार नाहीत, हेही धरून चाला. बारा जणांना सांगितलं तर सात येतात. तिघा-तिघांतही मजेदार खेळ होतो, मैदान आखडून घ्यायचं. एक माणूस असा हवा की जो आला नाही त्याला सव्वासहाला फोन करेल. आमच्याकडे ते काम सलूनवाल्या भाऊंकडे आहे. ‘काहून, येऊन नाही राह्यले का?’ एवढंच विचारतात. हा प्रश्न ऐकायला लागू नये म्हणूनसुद्धा माणसं येतात.

दुकान आठला बंद होतं, मग संध्याकाळी सहाला मैदानावर कसं जायचं, हा तुमचा खरा पेच आहे आणि तो माझ्याकडून सुटणारा नाही. पाऊण तास दुकानात कोणाला बसवता येईल का, ते तुम्हीच पाहा. नसेल जमत तर सकाळी सहा ते पावणेसात. फक्त वेळ एक धरा. आज सकाळ, उद्या संध्याकाळ, असं केल्याने सवय लागत नाही.

सवयीवरून आठवलं. ‘२१ दिवस करा, सवय लागते’ असं सगळीकडे ऐकायला मिळतं, तुम्हीही लिहिलं आहे. त्या भरवशावर राहू नका. लंडनच्या एका विद्यापीठात ९६ जणांवर एक अभ्यास झाला होता, २००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. रोजची एखादी नवी गोष्ट अंगवळणी पडायला त्यांना सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८ दिवस, आणि कोणाला तर २५४ दिवस लागतील असा हिशोब निघाला. तुम्ही तीन आठवड्यांनी ‘अजून ओढ लागली नाही’ म्हणून सोडलंत, तेव्हा निम्म्या वाटेवरही नव्हता. त्याच अभ्यासात अजून एक गोष्ट दिसली, ती मला जास्त मोलाची वाटते: मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. एक दिवस बुडाला तर बुडू द्या. लागोपाठ दुसरा मात्र बुडू देऊ नका.

आपल्याकडे आठवडाच्या आठवडा बुडतो, तो हंगामाने. मृगाच्या सरी पडल्या की तुमच्या दुकानात श्वास घ्यायला जागा नसते. कापूस वेचणीला आला की अर्धं मैदान शेतात असतं. याला आम्ही सरळ रजा धरतो. तोंडी नाही, वहीत लिहून. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत पेरणीची रजा, अमुक दिवशी परत जाळी बांधायची. रजेवर गेलेला माणूस तारखेला परत येतो. ज्याने ‘सुटलं’ असं मनात धरलं तो येत नाही. रजेच्या काळातही एक बारीकशी गोष्ट चालू ठेवा, रात्रीच्या जेवणानंतरची शतपावली. आजोबांनी सांगितलेली ही गोष्ट तुमच्या साखरेला थेट उपयोगी आहे. जेवल्यावर रक्तात साखर चढत असते, त्याच वेळी पायांचे मोठे स्नायू ती वापरायला लागतात. दहा-पंधरा मिनिटं, घरातल्या कोणाला सोबत घेऊन.

उन्हाळ्यात, एप्रिलच्या मध्यापासून पहिल्या पावसापर्यंत, संध्याकाळचं मैदान बंदच ठेवा. पारा ४५ च्या घरात गेला की सहा वाजताही जमीन भाजत असते. सकाळी साडेपाच ते सव्वासहा खेळा. बदललेल्या उन्हाला शरीर सरावायला एक-दोन आठवडे जातात, तेवढे दिवस अर्धाच खेळ. मीठ घातलेलं लिंबूपाणी किंवा ताक सोबत असू द्या. आमचा एक जण रोज तांब्याभर ताक आणतो, आणि खरं सांगू का, काही लोक त्या ताकासाठी आणि नंतरच्या ओट्यावरच्या गप्पांसाठी येतात. येऊ द्या.

किती व्यायाम पुरे, हे तुम्ही विचारलंच आहे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम जोराचा व्यायाम सांगते, अधिक दोन दिवस ताकदीचा. मध्यम म्हणजे बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतपत धाप. पाऊण तासाचे चार दिवस खेळलात की ते झालं. काठावरच्या साखरेबद्दल अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला, २००२ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. आठवड्याला १५० मिनिटं हालचाल आणि वजनात सुमारे सात टक्के घट, एवढं ज्यांना ठरवून दिलं त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिलं. म्हणजे खाण्याकडेही बघावं लागेल, नुसत्या खेळाने होणार नाही. ताकदीसाठी काउंटरमागच्या खुर्चीतून हात न टेकता दहादा उठा-बसा. दिवसातून तीन वेळा केलंत तरी सुरुवातीला चालेल.

सुरू करण्याआधी डॉक्टरांना एकदा विचारा की मी धावपळीचा खेळ खेळू का. छातीत दाब, जिना चढताना नेहमीपेक्षा जास्त धाप, चक्कर, यातलं काही होत असेल तर विचारल्याशिवाय मैदानात पायच ठेवू नका. पुढे साखरेची गोळी सुरू झाली तर खिशात ग्लुकोज किंवा खडीसाखर ठेवायची का तेही त्यांनाच विचारा.

व्हॉलीबॉल जमलाच नाही तर? मग तुम्ही कशात रमता ते शोधावं लागेल. आमच्या गावात वीज कंपनीतून निवृत्त झालेले एक लाइनमन आहेत. खेळाची बिलकूल आवड नाही, गर्दी नको वाटते. पण खंजिरी भजनाचं वेड. त्यांनी स्वतःलाच एक अट घातली, मोबाइलवरची भजनं फक्त चालतानाच ऐकायची, घरी बसून नाही. आता भजन अर्ध्यावर असेल तर ते देवळाला अजून एक फेरी मारून येतात. चार वर्षं झाली. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या गावांत पहाटे रामधून निघते, तिथे गात-गात सगळं गाव चालून होतं. तुमच्या गावात निघत असेल तर तुमचं पहाटेचं चालणं त्या दिंडीत नेऊन सोडा, एकट्याच्या डांबरी रस्त्यावर नको.

तुमच्या सौभाग्यवतींबद्दल तुम्ही शेवटी एकाच ओळीत विचारलंत: ‘तिलाही करायचं आहे, पण बाई फिरायला निघाली की गाव बघते.’ बघते, हे खरं आहे. एकटी बाई निघाली की बघते, दहा जणी निघाल्या की आठ दिवस बघते आणि मग सोडून देते. आमच्याकडे बचत गटाच्या बायकांनी मिटिंगनंतर शाळेच्या भिंतीआडच्या पटांगणात लंगडीने सुरुवात केली. पदर खोचून. दोघी-तिघींचे गुडघे बोलायला लागले तेव्हा लंगडी सोडून त्यांनी रबरी रिंगचा खेळ घेतला, मध्ये दोरी बांधून. आम्ही पुरुषांनी त्यात एवढंच केलं, की त्या वेळी आमचं मैदान बाजूला सरकवलं आणि तिकडे जाऊन उभे राहिलो नाही. वहिनींना काय खेळावंसं वाटतं ते त्यांनाच विचारा आणि त्यांच्या ओळखीच्या चौघींची नावं त्यांनाच काढू द्या. त्या पाऊण तासात घरचा स्वयंपाक कोण बघणार, हा प्रश्न मात्र तुमच्याकडे आहे.

‘शेतकऱ्याच्या गावात व्यायाम कायले लागते’ असं म्हणणारे भेटतील. त्यांच्याशी वाद घालू नका, जाळीच्या त्या बाजूला एक माणूस कमी आहे म्हणून बोलवा. निंदण करून वाकलेली पाठ ताठ करायला त्यांनाही बरं वाटतं, हे मी पाहिलं आहे.

बुटांचं राहिलं. तुम्ही पहिल्या वेळी घेतलेले महागडे बूट डब्यात पडून आहेत, नवे घेऊ का असं विचारलंत. आधी तेच काढा. बंद खोलीतल्या आपल्याकडच्या उन्हाळ्याने तळव्याचा डिंक सुटतो आणि रबर कडक होतं. टाचेखाली अंगठ्याने जोरात दाबून पाहा, मग बूट मधोमध वाकवून कडेने कुठे फाकतो का बघा. दबत असेल आणि फाकत नसेल तर त्यावरच खेळा. नसेल तर साधे पकड असलेले कॅनव्हासचे घ्या. अर्धा इंच जागा सोडून, आणि संध्याकाळी घ्या, कारण दिवसभर खुर्चीवर बसून पाय तेव्हा थोडे फुगलेले असतात.